सत्त्याहत्तर मतांचा हिशेब

१९ ऑक्टोबर २०१४, रविवार. श्रीवर्धन विधानसभा मतदारसंघाची मतमोजणी चालू होती. आमच्या वाडीतले पंधरा-वीस लोक विहाराच्या ओट्यावर बसून बातमीची वाट पाहत होते. दुपारपर्यंत कधी हा पुढे, कधी तो पुढे असे चालले होते. अखेर निकाल लागला. राष्ट्रवादी काँग्रेसचे अवधूत तटकरे यांना ६१,०३८ मते आणि शिवसेनेचे रवी मुंडे यांना ६०,९६१ मते. फरक फक्त ७७ मतांचा!

क्षणभर कुणी बोललेच नाही. मग आमच्यातले एक वयस्क गृहस्थ म्हणाले, "सत्त्याहत्तर? अरे, एवढी माणसं तर भीमजयंतीला आपल्या एका पंगतीला बसतात!"

त्यांचे हे बोलणे माझ्या मनातून आजपर्यंत गेलेले नाही. श्रीवर्धन, म्हसळा आणि तळा हे तालुके, शिवाय माणगाव व रोहा तालुक्यांचा काही भाग, एवढा हा मतदारसंघ पसरलेला आहे. बाणकोटच्या खाडीपासून मुंबई-गोवा महामार्गापर्यंतच्या गावांनी मिळून जो निर्णय दिला, त्याचे पारडे एका पंगतीच्या वजनाने झुकले. कोण निवडून यायला हवे होते, हा या लेखाचा विषय नाही. ज्याने त्याने आपल्या बुद्धीने ठरवावे. माझा प्रश्न वेगळा आहे. त्या दिवशी आपल्या घरातली, आपल्या वाडीतली किती माणसे मत द्यायला गेली आणि मत न देताच परत आली?

"मग ही उभी कोण हाय?"

त्या परत आलेल्यांत माझी आई होती.

१५ ऑक्टोबरला सकाळी सातला ती मतदान केंद्रावर गेली. पांढरे लुगडे, हातात रुमालात बांधलेले मतदार ओळखपत्र. रांगेत तासभर उभी राहिली. आतल्या कर्मचाऱ्याने यादी पाहिली आणि सांगितले, "आजी, तुमचं नाव वगळलंय. मयत म्हणून." आई म्हणाली, "मी मेले? मग ही उभी कोण हाय?" सगळे हसले. आईही हसली. पण घरी येऊन ती चुलीजवळ बसली आणि दुपारपर्यंत कुणाशी बोलली नाही.

झाले होते असे की, आमच्या वाडीत आईच्याच नावाची आणखी एक म्हातारी होती. ती आदल्या वर्षी वारली. नाव कापायचे तिचे, कापले गेले आईचे! ओळखपत्र आईच्या हातात होते, पण ओळखपत्राने मत देता येत नाही. यादीत नाव असेल तरच मत देता येते. ओळखपत्र हे फक्त 'मी तोच माणूस आहे' हे सांगण्यापुरते.

चूक ज्याची असेल त्याची असो. पण मी बी. कॉम. झालेला माणूस. दिवसभर दुसऱ्यांचे जमाखर्च तपासतो, एका रुपयाचा मेळ बसला नाही तर कपाटातली जुनी पावती शोधून काढतो. त्याच माणसाने स्वतःच्या आईचे नाव यादीत आहे की नाही हे निवडणुकीआधी एकदाही पाहिले नव्हते! प्रारूप यादी लागते, हरकतींना मुदत असते, हे मला ठाऊक होते. पाहायला वेळ मात्र नव्हता. म्हणून दोष द्यायचा तर पहिला मलाच.

त्या रविवारी संध्याकाळी आम्ही ओट्यावरच हिशेब मांडला. आई एक. लग्न होऊन आलेल्या तीन सुना, ज्यांची नावे अजून माहेरच्या गावात होती. अठरा पूर्ण होऊनही अर्ज न भरलेले चार जण, त्यांत दोन मुली. आणि मुंबईहून रात्रीच्या एस.टी.ने आलेले एक जोडपे, ज्यांची नावे यादीत सापडली नाहीत. एकूण दहा! सत्त्याहत्तरचा जवळजवळ आठवा हिस्सा एका लहानशा वाडीत वाया गेला होता. अशा वाड्या या मतदारसंघात किती? बौद्धवाडी, कोळीवाडा, मोहल्ला, आदिवासी वाडी, सगळीकडचा हिशेब कुणी मांडला असता तर काय आकडा निघाला असता?

फरक आधी कुणाला दिसत नाही

काही बांधव म्हणतील, "सत्त्याहत्तरचा निकाल एकदाच लागला. दरवेळी थोडेच तसे होते?" बरोबर आहे. याच मतदारसंघात २०१९ साली आदिती तटकरे ३९,६२१ मतांनी निवडून आल्या आणि २०२४ साली त्यांचे मताधिक्य ८२,७९८ झाले. लोकसभेचेही तसेच. २००९ साली नव्या रायगड मतदारसंघातून अनंत गीते यांनी बॅ. अंतुले यांचा सुमारे १ लाख ४६ हजार मतांनी पराभव केला. पाचच वर्षांनी, २०१४ मध्ये, तेच गीते सुनील तटकरे यांच्याविरुद्ध केवळ २,११० मतांनी निवडून आले. २०१९ मध्ये निकाल उलटला आणि तटकरे ३१,४३८ मतांनी जिंकले. २०२४ मध्ये त्यांचे मताधिक्य ८२,७८४ होते.

दीड लाखावरून दोन हजारांवर, दोन हजारांवरून पुन्हा ऐंशी हजारांवर. हे आकडे ओळीने मांडले की एक गोष्ट कळते. कोणती निवडणूक अटीतटीची होणार हे मत देताना कुणालाच माहीत नसते. ते कळते मोजणीच्या दिवशी, आणि त्या दिवशी अर्ज भरता येत नाही.

शिवाय मोठ्या मताधिक्यालाही दुसरी बाजू असते. २०२४ च्या लोकसभेला रायगडात साडेसोळा लाखांहून अधिक मतदार नोंदलेले होते आणि मतदान झाले सुमारे ६० टक्के. म्हणजे सहा लाखांहून अधिक लोक मतदानाला गेलेच नाहीत. विजयाचा फरक ८२ हजारांचा, आणि न आलेले सहा लाखांच्या वर! त्यांत आळशी किती आणि माझ्या आईसारखे किती, हे कुठल्याच निकालपत्रात लिहिलेले नसते.

आता मुंबईकडे पाहा. आमची अर्धी वाडी पोटासाठी मुंबईत आणि उपनगरांत राहते. ४ जून २०२४ ला मुंबई उत्तर-पश्चिम लोकसभा मतदारसंघाचा निकाल ४८ मतांनी लागला. रवींद्र वायकर निवडून आले, अमोल कीर्तिकर पडले. आणखी दूर गेलो तर कर्नाटकातील संथेमारहळ्ळी येथे २००४ साली आणि राजस्थानातील नाथद्वारा येथे २००८ साली आमदार एकेका मताने ठरले. तेव्हा गाव असो की शहर, जिथे तुमचे नाव असेल तिथे त्याला किंमत आहे.

हा हक्क कुणी मिळवला?

आपल्या आजोबा-पणजोबांना मत नव्हते. इंग्रजांच्या काळात ज्याच्याकडे जमीन, घरपट्टी, सारा किंवा शिक्षण त्यालाच मत. १९३५ च्या कायद्यानंतरही लोकसंख्येच्या चौदा टक्क्यांच्या आसपासच लोक मतदार होते. खोताच्या शेतात राबणाऱ्या कुळाचे नाव त्यात कुठून असणार?

१९१९ साली साउथबरो कमिटीपुढे तरुण भीमराव आंबेडकरांनी साक्ष दिली. अस्पृश्यांना मताचा हक्क आणि आपले प्रतिनिधी हवेत, अशी मागणी केली. १९२८ साली सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने निवेदन दिले, त्यात प्रौढ मताधिकार मागितला. अडाणी माणसाला मताचे काय कळते, या युक्तिवादाला त्यांनी कधी मान तुकवली नाही. ज्याला रोज कायद्याचा मार खावा लागतो, त्याला कायदा करणारा निवडण्याची अक्कल निश्चित असते, हा त्यांचा विश्वास होता. राज्यघटनेच्या ३२६ व्या कलमाने तो हक्क प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला दिला. तेव्हा वयाची अट एकवीस वर्षांची होती. १९८९ पासून ६१ व्या घटनादुरुस्तीने ती अठरा झाली.

पण हक्क कागदावर मिळणे वेगळे आणि तो बजावणे वेगळे. हे आम्हा रायगडकरांना कुणी शिकवायला नको. महाड आमच्याच लोकसभा मतदारसंघात आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत, हा रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ च्या ऑगस्टात मंजूर झाला. महाड नगरपालिकेनेही १९२४ साली तसा ठराव केला. ठराव झाले, पण तळे होते तसेच राहिले! कुणी तळ्यावर गेले नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारोंसह चालत गेले, ओंजळ भरली, तेव्हा कुठे त्या ठरावाला जीव आला. त्यानंतरही कोर्टात भांडावे लागले आणि १९३७ साली मुंबई हायकोर्टाने आपल्या बाजूने निकाल दिला.

मतदार यादीचे तसेच आहे. कलम ३२६ हा ठराव झाला. यादीत नाव घालणे आणि केंद्रापर्यंत जाणे, हे तळ्यापर्यंतचे चालणे आहे. ते आपल्यालाच चालावे लागेल.

अमक्याची बायको, तमक्याची आई

हा लेख आमच्या भगिनींनी जरूर वाचावा, कारण यादीतून गळणाऱ्या नावांत त्यांचीच नावे जास्त असतात. स्वतंत्र भारताच्या पहिल्या निवडणुकीच्या, म्हणजे १९५१-५२ च्या वेळची एक हकीकत आहे. सुकुमार सेन हे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त. यादी करायला कर्मचारी घरोघर गेले तेव्हा, विशेषतः उत्तरेकडील प्रांतांत, लाखो बायकांनी स्वतःचे नाव सांगितलेच नाही. 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढेच सांगितले. सेन यांनी सांगितले की नावाशिवाय मतदार होत नाही. परिणाम असा झाला की सुमारे २८ लाख स्त्रिया त्या यादीतून गळाल्या. सुमारे सव्वासतरा कोटी मतदारांच्या देशात २८ लाख!

आज आपल्या बायका नाव सांगायला लाजत नाहीत. पण लग्न झाले की मुलीचे नाव यादीत कुठे जाते, याचा विचार किती घरांत होतो? लग्नाची नोंद होते, रेशनकार्डात नाव चढते, गॅसला नाव लागते. मत मात्र माहेरीच राहते. मग माहेरचे लोक कळवतात की मुलगी लग्न होऊन गेली, तिथले नाव वगळले जाते, आणि सासरी कुणी अर्ज भरलेला नसतो. अशी ती दोन्ही घरची असून यादीत कुठलीच राहत नाही. दक्षिण रायगडातल्या आमच्या वाड्यांत पुरुष मुंबईला आणि घर चालवणारी बाई गावाला, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. म्हणजे वाडीचे मत हे मुख्यतः बाईचे मत! तेच जर गळाले तर वाडीत उरले काय?

नाव गावाला की मुंबईला?

आता नाजूक विषय. तो टाळून चालणार नाही.

माझे थोरले बंधू वीस वर्षे नालासोपाऱ्याला राहतात. भाड्याच्या खोलीतून स्वतःच्या खोलीत गेले, मुले तिथेच शिकली. त्यांचे नाव तिथल्या यादीत होते आणि गावच्या यादीतही होते. मुंबईकर मंडळींत असे पुष्कळ जण आहेत, हे सर्वांना माहीत आहे. २०१५ च्या जानेवारीत मी त्यांना म्हटले, "दादा, एक नाव काढून टाक." दादा चिडले. "अरे, गावचं नाव काढलं तर गावात माझं राहिलं काय? घर आहे, आईबा आहेत. उद्या वाडीत कोण मला विचारणार?" मी म्हटले, "मग नालासोपाऱ्याचं काढ." तर म्हणाले, "पाणी तिथं प्यायचं, गटार तिथलं तुंबतं, आणि नगरसेवकाला सांगायला मी मतदार नको?"

त्यांचे दोन्ही म्हणणे खरे होते. हा नुसता कागदाचा प्रश्न नव्हता. गाव सोडावे लागलेल्या माणसाच्या काळजाचा प्रश्न होता.

पण कायदा स्पष्ट आहे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे एका माणसाचे नाव एकाच ठिकाणी असू शकते. अर्जात खोटी माहिती दिली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकते. एकाच निवडणुकीत दोन मतदारसंघांत मत दिले तर दोन्ही मते बाद ठरतात. नाव कुठे हवे, तर जिथे तुम्ही सर्वसाधारणपणे राहता तिथे. केवळ गावाला घर आहे म्हणून तुम्ही तिथले रहिवासी ठरत नाही, असे कायदा म्हणतो. त्याचबरोबर तात्पुरते कामासाठी बाहेर गेलेला माणूस रहिवासी राहत नाही असेही नाही. म्हणजे चार महिने वीटभट्टीवर किंवा बोटीवर गेलेल्याचे गावचे नाव तेवढ्याने जात नाही. वीस वर्षे शहरात संसार केलेल्याची गोष्ट निराळी.

कायद्याची भीती बाजूला ठेवा, तरी मला आणखी एक गोष्ट दिसते. दुबार नावे हा आपल्यावरच उलटणारा सोटा आहे. यादी साफ करायची मोहीम निघाली की दुबार आणि स्थलांतरित नावे आधी शोधली जातात आणि त्या धामधुमीत खऱ्या माणसाचेही नाव जाऊ शकते. बिहारमध्ये २०२५ साली यादीचे विशेष सखोल पुनरीक्षण झाले. १ ऑगस्टला प्रारूप यादी आली तेव्हा सुमारे ६५ लाख नावे त्यात नव्हती. मयत, स्थलांतरित, दुबार अशी कारणे होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि वगळलेली नावे कारणांसह जाहीर करा, असा आदेश न्यायालयाला द्यावा लागला. पोटासाठी परमुलखात जाणारा बिहारी मजूर आणि आपला चाकरमानी यांत फरक तो काय? ज्याचे नाव एकाच जागी, पक्के आणि खरे असेल, त्याला ताठ मानेने भांडता येते.

दादांनी दोन महिने विचार केला. अखेर गावचे नाव स्वतःच अर्ज देऊन काढले. त्या वर्षी भीमजयंतीला आले तेव्हा पंगतीत नेहमीच्याच जागी बसले. वाढणाऱ्या पोरांनी कुणाचे नाव यादीत आहे हे विचारून वाढले नाही!

आमची वही

त्याच जानेवारीत आम्ही एक काम सुरू केले. रविवारी वंदना झाल्यावर विहारात वाडीची मतदार यादी पसरायची. एकीने नाव वाचायचे, बाकीच्यांनी सांगायचे: आहे, वारले, लग्न होऊन गेली, मुंबईला स्थायिक. पेन्सिलने खूण करायची. शाळेची दोनशे पानी वही घेतली आणि घरटी एक पान केले. नाव, जन्मतारीख, यादीचा भाग क्रमांक, अनुक्रमांक आणि काय करायचे ते. लिहायला दहावी-बारावीच्या मुली बसवल्या. त्यांचे अक्षर आमच्यापेक्षा चांगले आणि कुणाच्या घरी सून आली, कुणाला अठरावे लागले, याची बातमी त्यांना आमच्याआधी! आईचे नाव पुन्हा घालण्याचा अर्जही त्यांतल्याच एकीने भरला.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आले. छपरे उडाली, कागदपत्रांचा लगदा झाला. पुष्कळ घरांत मतदार ओळखपत्रही राहिले नाही. वही मात्र एका घरी पत्र्याच्या पेटीत होती म्हणून वाचली. तिच्यात ओळखपत्रांचे क्रमांक लिहिलेले होते, ते नवीन कार्ड मागताना कामी आले.

तुमच्याही वाडीत, चाळीत अशी वही करता येईल. त्यासाठी एवढे लक्षात ठेवा:

पहिल्यांदा नाव घालायचे तर नमुना ६. वयाची तारीख आता वर्षातून एकदा नाही, तर चारदा धरतात: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. सतरा पूर्ण झालेल्या मुला-मुलीला आगाऊ अर्ज देता येतो.

पत्ता बदलला, लग्न होऊन सासरी आली, नावात चूक आहे किंवा कार्ड हरवले, तर नमुना ८. लग्न झालेल्या मुलीने पुन्हा नमुना ६ भरू नये, त्यानेच दुबार नाव होते.

मयताचे नाव काढायचे किंवा एखाद्या नावाला हरकत घ्यायची तर नमुना ७. घरातले माणूस गेले की दुःखात हे सुचत नाही, पण महिन्याभरात हे काम करा. आमच्या आईचा अनुभव विसरू नका.

अर्जाला पैसे लागत नाहीत. प्रत्येक मतदान केंद्रासाठी एक केंद्रस्तरीय अधिकारी, ज्यांना सगळे बीएलओ म्हणतात, नेमलेले असतात. ते बहुधा शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका असतात. त्यांची ओळख करून ठेवा. अर्ज दिला की पोच मागा. १९५० या फोन क्रमांकावर चौकशी होते आणि मोबाईलवरही नाव पाहता येते.

नाव वगळण्याआधी नोटीस देऊन म्हणणे ऐकून घ्यावे, असा नियम आहे. म्हणून जुन्या पत्त्यावर आलेली टपाले कुणी तरी पाहिली पाहिजेत. मतदार नोंदणी अधिकाऱ्याचा निर्णय मान्य नसेल तर पंधरा दिवसांच्या आत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येते.

नगरपालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत यांच्या प्रभागवार याद्या विधानसभेच्या यादीवरूनच फोडतात. म्हणजे मूळ एकच. तिथे नाव नसेल तर सरपंचालाही मत देता येत नाही.

मतदानाच्या दिवशी कामगाराला पगारी सुट्टी मिळाली पाहिजे, हा कायदा आहे. रोजंदारीवरच्यालाही तो लागू आहे. मालकाला नम्रपणे पण स्पष्ट सांगा.

यंत्रापुढे आणि निकालानंतर

नाव असले, केंद्रावर गेलो, म्हणजे झाले असेही नाही. २०१४ च्या लोकसभेला रायगडात सुनील तटकरे याच नावाचे आणखी एक अपक्ष उमेदवार उभे होते. त्यांना ९,८४९ मते पडली आणि निकालाचा फरक होता २,११०! त्यांतली किती मते जाणूनबुजून पडली आणि किती चुकून, हे कुणीच सांगू शकणार नाही. पण आपण यातून शिकावे. नुसते नाव ऐकून जाऊ नये, चिन्ह आणि अनुक्रमांक पाहावा. २०१५ पासून यंत्रावरच्या मतपत्रिकेत उमेदवाराचा फोटोही असतो. ज्यांना वाचता येत नाही अशा आई-आजींना घरीच नमुना मतपत्रिका दाखवून समजावून सांगा. कुणाला मत द्यावे हे मात्र सांगू नका. ते त्यांचे त्यांना कळते.

निकाल लागल्यावरही काम संपत नाही. प्रत्येक निवडणुकीनंतर मतदान केंद्रवार आकड्यांचे एक पत्रक तयार होते, त्याला नमुना २० म्हणतात. आपल्या केंद्रावर किती मते पडली, कुणाला किती, हे त्यात दिसते. ते मिळवा आणि वहीतल्या नोंदींशी ताळा करून पाहा. कोणत्या वाडीत मतदान कमी झाले? का झाले? त्या दिवशी एस.टी. नव्हती की नावेच नव्हती? उमेदवार दारात येतो तेव्हा 'आम्ही इतके आहोत' असे तोंडी सांगण्यापेक्षा वही पुढे ठेवलेली बरी. रस्ता, नळ, समाजमंदिर मागताना त्या वहीचे वजन पडते, हा आमचा अनुभव आहे.

बाबासाहेब स्वतः १९५२ साली उत्तर मुंबईतून सुमारे साडेचौदा हजार मतांनी पराभूत झाले. ज्यांनी देशाला मताचा हक्क दिला त्यांनाच मते कमी पडली! म्हणून त्यांनी मताधिकारावरचा विश्वास सोडला नाही. दोन वर्षांनी ते भंडाऱ्यातून पुन्हा उभे राहिले. तिथेही पराभव झाला. आपण मात्र एकदा यादीत नाव सापडले नाही की घरी येऊन म्हणतो, "जाऊ दे, आपल्या एका मताने काय होणार?"

२३ एप्रिल २०१९ ला माझी आई पुन्हा मतदान केंद्रावर गेली. तेच पांढरे लुगडे, तोच रुमाल. यावेळी नाव होते. मी अनुक्रमांक चिठ्ठीवर लिहून दिला होता, पण तिने तो पाठच केला होता. बाहेर आली तेव्हा शाई लागलेले बोट वर धरून ओट्यावरच्या बायांना म्हणाली, "बघा गं, मी जिती हाय!"

बंधू-भगिनींनो, हे पान वाचून झाले की घरातल्या माणसांची नावे एका कागदावर लिहा. सासू, सून, लग्न झालेली मुलगी, अठराचा मुलगा, मुंबईचा भाऊ. प्रत्येकापुढे लिहा: यादीत आहे की नाही, कुठल्या गावच्या. जिथे उत्तर ठाऊक नाही तिथे खूण करा आणि या रविवारी ती खूण पुसण्याचे काम हाती घ्या. पुढचा निकाल किती मतांनी लागणार हे आज कुणाला माहीत नाही. आपल्या घरची मते किती, एवढे तरी आपल्याला माहीत असू द्या.